मॉरिशस आणि मौजेची माहिती

एखाद्या देशाची ओळख करून देण्याची एक सोपी रीत हल्लीं रूढ झाली आहे. तेथील चार-दोन चमत्कारिक गोष्टी वेंचावयाच्या, त्यांस 'मनोरंजक माहिती' असें नांव द्यावयाचें, आणि वाचकापुढें मांडून मोकळें व्हावयाचें. मुलांचीं पुस्तकें, मासिकांचे कोपरे, सहलींच्या जाहिराती, सर्वत्र हाच प्रकार! हिंदी महासागरांतील मॉरिशसच्या वाट्यास हें कौतुक जरा अधिकच आलें आहे. उडतां न येणारा डोडो पक्षी, शामारेल येथील सात रंगांची माती आणि १८४७ सालचें निळें टपालतिकीट, एवढें सांगितलें कीं मॉरिशस संपलें. या रीतीस आमचा स्पष्ट विरोध आहे.

यावर कोणी म्हणतील, कुतूहल ही ज्ञानाची पहिली पायरी. मुलास आधीं गंमत वाटूं द्या, इतिहास तो पुढें वाचीलच. पायरीविषयीं आमची तक्रार नाहीं. पण पायरीवरच बैठक मारणारास माडीवर काय आहे तें कधींच दिसत नाहीं. डोडो नाहींसा झाला एवढेंच सांगून थांबलें, म्हणजे तो बिचारा आपल्या बावळेपणानेंच मेला असा समज होतो. वस्तुतः १५९८ सालीं डच लोक त्या बेटावर उतरले. जहाजांबरोबर डुकरें, माकडें व उंदीर आले. जमिनीवर घातलेलीं अंडीं त्यांनीं फस्त केलीं, आणि सुमारें शंभर वर्षांच्या आंत तो पक्षी नामशेष झाला. यांत गंमत ती कोणती?

तिकिटाचेंही तेंच. त्या वर्षींच्या नव्या तिकिटांपैकीं कांहीं गव्हर्नराच्या पत्नीनें आपल्या नृत्यसमारंभाच्या निमंत्रणांस लाविलीं, हें मोठ्या आवडीनें सांगतात. पण त्याच काळांत पोर्ट लुईच्या बंदरांत कोण उतरत होतें, हें कोणी विचारीत नाहीं. १८३५ सालीं तेथील गुलामगिरी रद्द झाली. उसाच्या मळ्यांस तर हात हवे होते. म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानांतून करारानें बांधलेले गिरमिटिये नेण्यास आरंभ झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत असे सुमारें साडेचार लाख लोक तेथें गेले. ज्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या ते चढले, त्याची गणना २००६ पासून जागतिक वारशांत होते.

या लोकांत आपलेही होते. कोकणांतून गेलेल्यांचे वंशज आजही तेथें मराठी म्हणवितात. घरांत ते बहुधा क्रियोल बोलतात, तरी मुलांस शाळेंत मराठी शिकवितात. गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते. आणि कोकणच्या जाखडीशीं नातें सांगणारी 'झाकरी' उत्सवांत नाचली जाते. ज्या मराठी घरांत मुलांस डोडो ठाऊक आहे, त्याच घरांत हे आप्त ठाऊक नसावेत, याला काय म्हणावें?

सर्वांत मोठें मौन तर याहून पुढें आहे. १९६८ सालीं मॉरिशस स्वतंत्र झालें. पण त्यापूर्वींच, १९६५ सालीं, ब्रिटननें चागोस बेटें त्यापासून तोडून घेतलीं. दिएगो गार्सिया येथें अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून १९७३ पर्यंत तेथील सर्व रहिवाशांस उठवून मॉरिशस व सेशेल्सच्या किनाऱ्यावर नेऊन सोडलें. ही तोडणी कायद्यास धरून नव्हती, असा अभिप्राय आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २०१९ सालीं दिला. २०२५ च्या मे महिन्यांत बेटें परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या; पण तळ ९९ वर्षें ब्रिटनकडेच राहावा, अशी त्यांतही तरतूद आहे. 'मनोरंजक' माहितींत हें बसत नाहीं, हें खरें. आणि आमचा आक्षेप नेमका हाच आहे.

हिंदुस्थान म्हणजे हत्ती, गारुडी आणि महाराजे, असें परदेशी प्रवासी लिहीत, तेव्हां आपल्या तळपायाची आग मस्तकास जात असे. तोच अपराध आपण दुसऱ्याच्या देशाविषयीं हंसतखेळत करावा काय? मुलांस डोडोची गोष्ट अवश्य सांगा. मात्र तो कोणीं मारला, ऊस कोणीं लाविला, आणि बेटावरून कोणास कोणीं हांकून दिलें, हेंही त्याच बैठकींत सांगा. तेवढा धीर नसेल, तर निदान त्या करमणुकीस ज्ञान म्हणूं नका.