अस्थिपूरक जेल आणि आपली वही

‘आता इंजेक्शनने हाड भरून येणार’ अशा आशयाचे मथळे अधूनमधून वाचनात येतात, आणि त्यानंतर दवाखान्यात हमखास एक प्रश्न येतो : “डॉक्टर, मग प्लेट घालायची गरज नाही ना?” प्रश्न भाबडा असला तरी हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या गावाने प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात हाड बसवून घेण्याची परंपरा पाहिली, त्या गावाला बिनशस्त्रक्रियेच्या उपायाचे आकर्षण वाटणे साहजिकच आहे. म्हणून हे संशोधन नेमके काय आहे, आणि त्यात आपल्यासारख्या स्थिर वस्तीतील डॉक्टरांचे व रुग्णांचे काही कर्तव्य आहे काय, याचा विचार येथे मांडत आहे.

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे बहुवारिकाचे जाळे. १९६० साली ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव लीम यांनी असा पदार्थ शरीरात वापरण्याची कल्पना मांडली. मऊ काँटॅक्ट लेन्स ही तिचीच देणगी. हाडासाठी वापरायचे जेल सिरिंजमधून द्रवरूपात जाते आणि आत गेल्यावर घट्ट होते. आपल्या घरातील चायना ग्रास थंड झाल्यावर गोठते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान काही क्षारांच्या संगतीत नेमके उलट वागते, म्हणजे शरीराच्या उष्णतेने गोठते. दंतवैद्यांच्या परिचयाचे अल्जिनेट कॅल्शियमच्या संयोगाने घट्ट होते. अशा जेलमध्ये हाडातील खनिजाचे सूक्ष्म कण, पेशी किंवा वाढीस चालना देणारी प्रथिने मिसळता येतात. इमारतीच्या बांधकामात परांची असते, तसे हे जेल. पेशींनी त्यावर चढून हाड रचावे आणि काम होईल तसतशी परांची विरघळून जावी, अशी अपेक्षा.

अपेक्षा रास्त आहे, कारण गरज खरी आहे. हाडातील पोकळी भरण्यासाठी आज आपण रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा घेतो. तो उत्तम रुजतो. परंतु दुसरी जखम होते, तिचे दुखणे मागे राहू शकते, आणि मिळणारे हाडही मर्यादितच असते.

मात्र मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. हाडाच्या कठीण कवचाची ताठरता साधारण १५ ते २० गिगापास्कल असते. नेहमीच्या हायड्रोजेलची किलोपास्कलमध्ये मोजावी लागते. जेल पोकळी भरील, भार पेलणार नाही. वाड्याच्या जिन्यावरून पडून खुब्याचे हाड मोडलेल्या आजींना प्लेट, स्क्रू किंवा कृत्रिम सांधा यांना पर्याय म्हणून ते देता येणार नाही. शिवाय जेल लवकर विरघळले तर पोकळी उरते, उशिरा विरघळले तर नव्या हाडाची वाट अडते. आणि आत रक्तवाहिन्या पोहोचल्या नाहीत तर मधल्या पेशी जगत नाहीत.

याहून मोठा धडा इतिहासाने दिलेला आहे. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली हाडाच्या गाभ्यात अस्थिनिर्मितीला प्रेरणा देणारे द्रव्य असल्याचे दाखविले. त्यातूनच पुढे आलेले बीएमपी-२ हे प्रथिन, कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून, २००२ साली अमेरिकेत कमरेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मंजूर झाले. पुढे ते मानेतही वापरले जाऊ लागले. २००८ साली तेथील औषध प्रशासनाला मानेतील सूज व श्वासाचा अडथळा यांबद्दल इशारा द्यावा लागला. २०११ साली ‘द स्पाइन जर्नल’ने उद्योगपुरस्कृत १३ अभ्यासांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. हे प्रथिन दिलेल्या ७८० रुग्णांत त्यामुळे झालेला एकही दुष्परिणाम मूळ लेखांत नोंदलेला नव्हता. इतर कागदपत्रे पाहता चित्र फार वेगळे निघाले. येथे विज्ञान फसले नव्हते. नोंद फसली होती.

आपल्या देशातही या क्षेत्रात काम चालू आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ व सहकाऱ्यांनी रेशमातील फायब्रोइन या प्रथिनापासून हाडाची पोकळी भरणारे साहित्य विकसित केले. पदार्थ प्रयोगशाळा घडवतील. पण दहा वर्षांनंतर त्या हाडाचे काय झाले, हे कोण सांगणार? प्लास्टर निघाले की रुग्ण येईनासा होतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

येथेच वाडीसारख्या वस्तीचे बळ आहे. एकाच डॉक्टरांकडे आजोबा, वडील आणि नातू येतात. कुटुंब मांजलपूर वा गोत्रीला राहावयास गेले, मुले परदेशी गेली, तरी सणावाराला खबर मिळतेच. या आपुलकीचे रूपांतर शिस्तबद्ध नोंदीत व्हावे, अशी माझी सूचना आहे. हाडात कोणतेही पूरक साहित्य घातल्यास, रुग्णाच्या संमतीने व नाव गुप्त ठेवून, साहित्याचा प्रकार, बॅच क्रमांक, तारीख, आणि एक, पाच व दहा वर्षांनी क्ष-किरण तपासणी एवढी नोंद ठेवावी.

जेल अद्याप हातात नसताना ही घाई कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु अस्थिसिमेंट आणि कॅल्शियम फॉस्फेटची पूरके आजच वापरात आहेत. सवय त्यांच्यापासून लावता येईल. अशा वहीने उपाय गुणकारी ठरत नाही, त्यासाठी रीतसर चाचण्याच हव्यात, हे मान्य. पण उशिरा दिसणारे अपाय तिच्यातूनच उमगतात. २०१५ साली सुरू झालेल्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाद्वारे असा अपाय कळविण्याची सोयही आहे.

समाजबांधवांना विनंती एवढीच की शस्त्रक्रियेनंतर मिळणारे साहित्याचे स्टिकर व क्ष-किरण चित्रे रद्दीत घालू नयेत, आणि बरे वाटत असले तरी बोलावल्या दिवशी यावे. नवे जेल आपल्या दवाखान्यात येईल तेव्हा त्याच्या विक्रेत्याजवळ चकचकीत पत्रक असेलच. आपल्याजवळ वही असावी.