सोने घेऊन परतताना

आज खंडेनवमी. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एरवी धगधगणाऱ्या कितीतरी भट्ट्या आज निवलेल्या असतील. वाळूची पुटे झटकून यंत्रे धुतली-पुसली जातील, फौंड्रीच्या दारावर झेंडूचे तोरण चढेल. हातोडा, संडशी आणि तापलेला रस वाहून नेणारा लॅडल यांना हळदकुंकू लागेल. उद्या दसरा. उद्या घरोघरी पाटीवर सरस्वती रेखली जाईल, वह्या-पुस्तकांवर फुले वाहिली जातील. ज्या अवजारांनी काम घडते त्यांची पूजा आज, ज्या विद्येने ते उमगते तिची पूजा उद्या. आपल्या परंपरेने या दोन पूजांमध्ये एका रात्रीचेच अंतर ठेवले आहे. अभियांत्रिकीच्या शिक्षणात हे अंतर आपण किती वाढू दिले, याचा हिशेब मांडायला आजच्याइतका योग्य दिवस नाही.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा उगम १८५४ साली ज्या संस्थेत झाला, तिचे नाव होते ‘पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’. वर्ग आणि कार्यशाळा एकाच पाटीवर शेजारी-शेजारी नांदत होत्या. पुढे ज्ञानाचा पसारा वाढला, अभ्यासक्रम खोल झाले, हे भल्याचेच. पण या वाढीत वर्गाची भिंत हळूहळू उंच होत गेली आणि भट्टीची धग पलीकडेच राहिली. ज्या शाखेचा विषयच मुळी पदार्थ आहे, त्या धातुशास्त्राच्या आणि पदार्थ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ही भिंत सर्वाधिक जाचते.

या शाखेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला लोह-कार्बनचा आलेख पाठ करावा लागतो. ७२७ अंश सेल्सिअसची ती आडवी रेषा परीक्षेत डोळे मिटूनही काढता येते. पण तो आलेख समतोलाचा आहे. धातू अगदी सावकाश निवत गेला तर काय होईल, ते तो सांगतो. कारखान्यात मात्र इतक्या सवडीने काहीच निवत नाही. तिथे बिडाचा रस साच्यात ओतण्यापूर्वी त्यातला थोडासा पाचरीच्या आकाराच्या छोट्या साच्यात ओततात, तुकडा गार करतात आणि हातोड्याच्या एका घावात मोडतात. मुरलेला कारागीर तो तुटका तुकडा प्रशिक्षणाला आलेल्या मुलीपुढे धरतो आणि म्हणतो, “ताई, ही कड बघा.” पाचरीची निमुळती कड पांढरीशुभ्र, पोट करडे. रस एकच, तुकडाही एकच. फरक फक्त निवण्याच्या वेगाचा. कडेला कार्बनला ग्रॅफाइट होण्याइतकी उसंतच मिळाली नाही, तो लोखंडाशी बांधलेलाच राहिला आणि तिथले बीड कठीण, ठिसूळ झाले. पांढरा पट्टा फार रुंद दिसला, तर फेरोसिलिकॉनची मात्रा वाढवायची. पुस्तकातले एक अख्खे प्रकरण त्या कारागिराच्या तळहातावर मावलेले असते.

हे शिक्षण पदवीच्या आत आणण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली अवघ्या २७ विद्यार्थ्यांना घेऊन हा प्रयोग सुरू केला : एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात. आपल्याकडे पिलानीच्या बिट्सने १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ अभ्यासक्रमात गुंफले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही इंटर्नशिपवर भर दिला. तेव्हा विद्यार्थ्यांनी कारखान्यात जावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. कधी जावे आणि गेल्यावर काय घेऊन यावे, हा खरा प्रश्न आहे.

इथे दसऱ्याची रीत आपल्याला वाट दाखवते. सीमोल्लंघन म्हणजे वेस ओलांडून निघून जाणे नव्हे. वेशीबाहेर जायचे, आपट्याचे सोने घ्यायचे आणि परत यायचे. दारात औक्षण होते, मग ते सोने घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती ठेवून त्यांच्या पाया पडायचे. परतल्यावाचून सीमोल्लंघन पुरे होत नाही. शेवटच्या सत्रात एकदाच कारखान्यात गेलेला विद्यार्थी मात्र बहुधा परततच नाही. तिथून तो थेट नोकरीत जातो. तिथे त्याला पडलेले प्रश्न वर्गापर्यंत पोहोचत नाहीत, आणि वर्ग होता तसाच राहतो. म्हणून हे जाणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच, टप्प्याटप्प्याने आणि दर वेळी परतीची वाट ठेवून व्हायला हवे.

यात प्रत्येकाच्या वाट्याला काही कर्तव्य येते. कारखानदाराने आलेल्या विद्यार्थ्याला बिनपगारी हात समजू नये, आणि पाहुणा म्हणून कोपऱ्यात बसवूनही ठेवू नये. एक खराखुरा प्रश्न त्याच्या हाती द्यावा, योग्य विद्यावेतन द्यावे आणि भट्टीजवळ जाण्याआधी सुरक्षेचा पहिला धडा द्यावा. महाविद्यालयाने प्रमाणपत्राच्या कागदावर समाधान मानू नये. अध्यापकांनी स्वतःही अधूनमधून वेस ओलांडावी. आणि विद्यार्थ्याने, ज्या कारागिराला त्याच्या विद्येची पदवी कुणी दिली नाही, त्याच्यापुढे नम्र व्हावे.

अशी परतलेली एखादी मुलगी दिवाळीनंतर प्रयोगशाळेत येईल. पिशवीतून ती मोडलेली पाचर काढील, कापील, घासून आरशासारखी लखलखीत करील आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवील. करड्या भागात ग्रॅफाइटच्या काळ्या पाकळ्या दिसतील, पांढऱ्या कडेत त्यांचा मागमूसही नसेल. आलेखाच्या रेषांआड काय दडले होते, हे तिला तेव्हा उमगेल. मग ती बाजूला सरकून आपल्या सरांना म्हणेल, “सर, बघा ना.” सर भिंगाला डोळा लावतील. त्या क्षणी जे गुरूंच्या हाती पडेल, तेच तिने वेशीबाहेरून आणलेले सोने.