पंचाहत्तर टक्क्यांचा उंबरठा आणि मानव्यविद्यांचे संशोधन

कला व मानव्यविद्यांच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधनाला स्थान मिळाले, याचे स्वागत करण्याचा एक प्रघात पडला आहे. ते कोणत्या अटींवर मिळाले, हा प्रश्न मात्र त्या स्वागतात हरवून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीत संशोधनाची वाट निवडण्यासाठी पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण हवेत. प्रबंधिकेला १२ श्रेयांक आहेत. आणि जेथे पीएच.डी.चे केंद्र नाही तेथे विभागात किमान दोन कायम, मान्यताप्राप्त मार्गदर्शक असणे आवश्यक आहे. वरकरणी या अटी गुणवत्तेच्या रक्षणार्थ आहेत. वस्तुतः त्यांच्यामागे ज्ञानाविषयीची एक विशिष्ट धारणा उभी आहे: संशोधन हे शिक्षणाचे साधन नसून चांगल्या गुणांबद्दल मिळणारे बक्षीस आहे.

या धारणेची कसोटी महानगरात लागत नाही. ती हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरसारख्या गावी लागते. औंढा नागनाथ तालुक्यातील हे गाव मल्लिनाथाच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रामुळे प्रसिद्ध आहे. तालुक्याचे ठिकाण नागनाथाचे. तेथेच नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश झाल्याचे परंपरा सांगते. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. भोवताली हळदीची शेती, आंध आदिवासींची व बंजारा समाजाची वस्ती, आणि निजामी राजवटीचा वारसा सांगणारी दखनी-उर्दूच्या संपर्कातील मराठी. येथील विद्यार्थ्याला अभ्यासविषय शोधावा लागत नाही. तो त्याच्या घरात बोलला जातो.

एक उदाहरण पुरेसे ठरावे. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचे देऊळ फिरले, ही कथा या परिसरात सर्वतोमुखी आहे. देऊळ फिरल्याचा उल्लेख १६०४ मध्ये संकलित झालेल्या आदिग्रंथातील नामदेवांच्या पदांतही येतो, आणि तेथे त्याचा संदर्भ स्पष्ट आहे: हीन जातीचा म्हणून भक्ताला देवळातून हाकलले जाते. आता प्रश्न असा की, आज गावोगावी सांगितल्या जाणाऱ्या कथेत हा जातीचा संदर्भ टिकून आहे काय? कोणत्या आळीत तो टिकतो आणि कोणत्या आळीत केवळ चमत्कार उरतो? स्त्रिया ती कशी सांगतात, पुजारी कशी सांगतात? संहितेची पाठांतरे, मौखिकता, स्मृतीचे राजकारण हे समीक्षेतील सारे प्रश्न या एका कथेत एकवटले आहेत. पदवीच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याने वीस निवेदकांकडून ही कथा नोंदवून तिचे पाठ शेजारी शेजारी मांडले, तर त्याचे मोल एखाद्या उसनवार प्रबंधाहून कमी कसे? हळदीच्या शेतातील जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडे या शब्दांचा चिकित्सक कोशही असाच होऊ शकतो.

यावर आक्षेप ठरलेला असतो: सैद्धांतिक चौकटीवाचून अशी संकलने कच्चा माल ठरतात. आक्षेप निराधार नाही. परंतु चौकट ही सामग्रीच्या आधी पाठ करून घेण्याची गोष्ट नव्हे. सामग्रीच्या प्रतिकारातूनच ती घडते. देशीयतेचा वाद मराठी समीक्षेने चार दशके घातला. पदवीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला त्यातून आली ती मुख्यतः टिपा लिहिण्यापुरती एक व्याख्या. दुसरीकडे गी पॉइतव्हँ आणि हेमा राइरकर यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, त्या खेड्यांतल्या स्त्रियांच्या सहभागाने. त्यांच्या टक्केवारीची चौकशी कोणी केली नव्हती.

सर्जनशील कार्याची स्थितीही वेगळी नाही. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणले. अध्यापक आणि विद्यार्थी एका कृतीत गुंतले, आणि त्याच परिसरातून पुढे ‘अस्मितादर्श’ची चळवळ उभी राहिली. त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या घरातली ती पहिलीच शिकणारी पिढी होती. गुणपत्रिका पाहून त्यांना वगळले असते तर मराठी साहित्याचा इतिहास दरिद्री झाला असता. आज ‘आविष्कार’ या राज्यस्तरीय संशोधन स्पर्धेत मानव्यविद्या, भाषा व ललित कला यांना एकत्र विभाग आहे, हे खरे. पण भित्तिपत्रकाच्या मर्यादेत निष्कर्ष बसवण्याची रीत विज्ञानातून आलेली आहे. अर्थनिर्णयनाला जागा लागते, शंका लागते. ती तेथे मावत नाही.

मूळ दुखणे मार्गदर्शकाचे आहे. ग्रामीण महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर आहे. त्यांना मोबदला मिळतो तो वर्गात घेतलेल्या तासाचा. विद्यार्थ्याबरोबर निवेदकाच्या ओसरीवर बसणे, त्याचे लेखन चार वेळा वाचून परत करणे, ही कामे कोणत्याही तासिकेत मोजली जात नाहीत. दोन कायम मार्गदर्शकांची अट घालायची आणि कायम पदे रिक्त ठेवायची, याचा एकत्रित अर्थ इतकाच की, जेथे सामग्री आहे तेथे संशोधन होऊ नये. मग विद्यार्थी विकतचा प्रकल्प आणतो, आणि त्याच्या अप्रामाणिकपणावर परिसंवाद भरतात.

म्हणून मागणी सौम्य सुधारणेची असू शकत नाही. टक्केवारीची अट मानव्यविद्यांपुरती रद्द व्हावी. क्षेत्रीय नोंद आणि तिची चिकित्सा पहिल्या वर्षापासून अभ्यासक्रमाचा भाग व्हावी. मार्गदर्शनाचे तास तासिका अध्यापकाच्याही कार्यभारात व मोबदल्यात धरले जावेत. आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी मूल्यमापनानंतर रद्दीत न जाता महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, निवेदकांच्या संमतीने, जतन व्हाव्यात. हे होत नाही तोवर पदवी-संशोधन हा शब्द श्रेयांकांच्या तक्त्यात राहील, आणि औंढ्याच्या देवळाची कथा सांगणारी पिढी तिची नोंद न होताच संपेल.