मोबाइलवर सापडले नाही, म्हणजे मराठीत लिहिलेच गेले नाही?

लैंगिकतेवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी मोबाइलवर ‘समलैंगिकता’ हा शब्द टाकतो, चार बातम्या वाचतो आणि ‘मराठीत जुने साहित्य उपलब्ध नाही’ असे प्रस्तावनेत लिहून मोकळा होतो. साहित्य असते. ते दुसऱ्या शब्दांखाली असते, इतकेच.

र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ ते १९५३ चालले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. त्या प्रश्नांत समलैंगिकताही होती! मात्र ही चर्चा शोधायची तर ‘कामशास्त्र’, ‘संततिनियमन’, ‘अश्लीलता’ हे शब्द हाताशी हवेत.

ग्रंथालयातील कपाटेही अशीच फसवतात. आपल्याकडे अनेक ग्रंथालयांत ड्युई दशांश वर्गीकरण वापरतात. त्याच्या १९३२च्या आवृत्तीत समलैंगिकतेला जागा मिळाली ती मनोविकारांमध्ये. आज हा विषय समाजशास्त्रात, ३०६.७ या क्रमांकाखाली येतो. पण जुन्या पुस्तकांवरचे क्रमांक बदलायला वेळ कुणाला आहे?

मग सुरुवात कुठून करावी?

संदर्भ विभागातून. मराठी विश्वकोशातील नोंद वाचताना शेवटची संदर्भयादी आणि ‘पहा’ म्हणून दिलेल्या इतर नोंदी टिपून घ्या; पुढच्या शोधाचे शब्द तिथेच मिळतात. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त १८०० पासूनच्या पुस्तकांची नोंद आहे. मोल्सवर्थचा कोश तर मोबाइलवरही उघडतो. त्यातील ‘नपुंसक’सारख्या शब्दांचे अर्थ मात्र व्याख्या म्हणून उतरवू नका. एकोणिसाव्या शतकातील नजरेचा तो पुरावा आहे. आणि हा विषय काउंटरवर मोठ्याने सांगायला संकोच वाटतो, हेही खरे. कोश उघडायला कुणाला काही सांगावे लागत नाही.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापले गेले आणि जवळपास शतकभर विस्मरणात राहिले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा वाचकांसमोर आणले. प्रत्येक पुस्तकाला मालशे भेटत नाहीत. म्हणून ग्रंथालयांनी निदान संगणकीय सूचीत जुन्या विषयशब्दाशेजारी आजचा शब्द जोडावा. त्यासाठी एकही पुस्तक कपाटातून हलवावे लागत नाही.