शस्त्रक्रियेनंतरची ऊनोदरी

स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आता आपल्या समाजातही अपरिचित राहिलेली नाही. वर्षभरात वजन झपाट्याने उतरले की घरच्यांना कार्य सिद्धीस गेल्याचे समाधान वाटते. वस्तुतः हिशेबाची नवी वही तेथूनच उघडते.

‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होत असल्याने आरंभी भूकही मंदावते. पुढे ती हळूहळू परतू लागते. तोवर नव्या सवयी अंगवळणी पडल्या नसतील, तर उतरलेले वजन पुन्हा चढू शकते. पोळी अडते, परंतु बासुंदी, सरबत आणि पेढीवर बसल्या बसल्या तोंडात टाकलेली शेव सहज उतरते.

आपल्या सहा बाह्य तपांमध्ये अनशनानंतर लगेच ऊनोदरीचा क्रम येतो. भुकेपेक्षा कमी खाणे, हा तिचा अर्थ. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीसाठी हे नित्याचेच तप होय. घास सावकाश चावावा. मूगडाळ, पनीर असे प्रथिनयुक्त पदार्थ आधी खावेत. दिवसाकाठी किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे साधारणतः सांगितले जाते. जेवताना पाणी टाळून ते अर्ध्या तासाने घोटाघोटाने घ्यावे. एका वेळी पुष्कळ पाणी पिणे शक्य नसल्याने चौविहार पाळणाऱ्यांनी सकाळपासूनच त्याचा मेळ घालावा. तो बसत नसेल तर तिविहाराचा विचार करावा. आपण शाकाहारी असल्याने ‘बी-१२’ची उणीव आधीच संभवते, म्हणून पूरक औषधे आणि रक्ततपासणी आयुष्यभर चुकवू नये. पर्युषणात अठाईचा भाव कितीही प्रबळ असला, तरी डॉक्टरांच्या अनुमतीवाचून उपवासाचे पचक्खाण घेऊ नये.

मनाची भूक मात्र कोणत्याही शस्त्राने कापली जात नाही. उधारी थकली, मालाचे भाव पडले, घरात बोलाचाली झाली की हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. तो आधारच नाहीसा झाल्यावर काहींना उदासपणा, चिडचिड जाणवते. अशा वेळी काय खाल्ले याबरोबरच कोणत्या मनःस्थितीत खाल्ले, तेही टिपून ठेवावे. ४८ मिनिटांचे सामायिक किंवा पायी फेरफटका यांनी ती ओढ बहुधा ओसरते. तरीही मन सावरत नसेल, तर समुपदेशकाकडे जाण्यात संकोच बाळगू नये.

शेवटी कुटुंबीयांना एक विनंती. आपल्याकडे आग्रहाशिवाय आदरातिथ्य पूर्ण होत नाही. परंतु ज्याने पानात दोनच घास वाढून घेतले आहेत, त्याला “एवढ्याने काय होते?” असे विचारू नका. त्याचे जेवण संपेपर्यंत शेजारी निवांत बसा. त्याला हाच पाहुणचार हवा असतो.