आधी परत आणून दाखवा!

परवाच्या शनिवारी आमच्या गटाची बैठक झाली. गट म्हणजे काय, तर घरात सर्व्हर चालवायची खाज असलेले आम्ही सात पुणेकर. कोणाकडे जुना लॅपटॉप, कोणाकडे रास्पबेरी पाय, आणि एका महाभागाने तर भंगारात निघालेलं ऑफिसचं मशीन आणून बेडरूमच्या माळ्यावर चढवलंय. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी हॉलमध्ये जमायचं, पोहे-चहा हाणायचा आणि एका विषयावर दोन तास डोकं लावायचं, असा शिरस्ता. परवा एकच काम होतं. पुढच्या सहा महिन्यांचे विषय ठरवायचे.

वीस मिनिटांत फळा भरला. प्रॉक्समॉक्सचं क्लस्टर, घरच्या मशीनवर एआय मॉडेल, जेलीफिनला ग्राफिक्स कार्ड, पाय-होल की अ‍ॅडगार्ड, होम असिस्टंट, आणि शेवटी नवीन डॅशबोर्ड. सहा महिने, सहा विषय. हिशेब जुळला, मंडळी खूश.

मी म्हटलं, "यातल्या एकाही विषयाने मागच्या वर्षी माझं जे झालं ते टळलं नसतं."

हॉलमध्ये जरा शांतता. काय झालं होतं ते तुम्हालाही सांगतो.

माझ्या सर्व्हरला बाहेरून जोडलेल्या दोन डिस्क होत्या. एकीवर घरातले फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग. दुसरीवर त्याची प्रत. रोज रात्री २ वाजता आरसिंक चालायचं आणि पहिलीची हुबेहूब नक्कल दुसरीवर करायचं. हुबेहूब म्हणजे, पहिलीवरून जे उडालं ते दुसरीवरूनही उडवायचं. हा पर्याय मीच मोठ्या हौसेने चालू केला होता, जागा वाचते म्हणून.

एका गुरुवारी नेहमीप्रमाणे वीज गेली. (पुण्यात राहणाऱ्यांना गुरुवार वेगळा समजवायला नको!) संध्याकाळी आली, सर्व्हर आपोआप सुरू झाला, सगळं छान. फक्त पहिली डिस्क उठली नाही, ती कायमची. तिच्या जागी उरला एक रिकामा फोल्डर. रात्री २ वाजता आरसिंकने इमानेइतबारे त्या रिकाम्या फोल्डरची हुबेहूब नक्कल केली. सकाळी मेल आली, 'बॅकअप यशस्वी'. अशा पाच मेल आल्या. पाचही मी न उघडता समाधानाने पाहिल्या.

फोटो बरेचसे नातेवाइकांच्या फोनमधून गोळा करता आले. गेलं ते आजीचं रेकॉर्डिंग. उडदाच्या पापडाचं प्रमाण सांगता सांगता ती मावशीच्या लग्नातल्या रुसव्याफुगव्यांवर घसरली होती, आणि मी फोन तसाच चालू ठेवला होता. ४० मिनिटं. आजी आता नाही. त्यातली ११ मिनिटं शिल्लक आहेत, कारण तेवढा तुकडा मी मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. म्हणजे माझ्या एवढ्या यंत्रणेत खरा चालणारा बॅकअप एकच... मावशीचा फोन.

असो. आता यातली मला सगळ्यात टोचणारी गोष्ट. त्याच्या आदल्या महिन्यात आमच्या बैठकीचा विषय होता डॅशबोर्ड. माझा डॅशबोर्ड सगळ्यांना आवडला होता. त्यावर बॅकअपच्या चौकटीत हिरवी टिकमार्क होती.

हा माझा एकट्याचा बावळटपणा म्हणावा, तर तसंही नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेस उडवला. त्यानंतर त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की बॅकअप आणि प्रतींच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाची निघाली नाही. नेहमीचा बॅकअप तर होतच नव्हता, आणि तो होत नाही हे सांगणाऱ्या मेल पोचतच नव्हत्या. शेवटी कामी आली ती सुमारे सहा तासांपूर्वी एकाने वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत. त्यांचा मावशीचा फोन म्हणा ना! पगारी लोकांची ही कथा, तर आपण शनिवार-रविवारचे शिपाई.

तर माझं म्हणणं असं आहे. नवीन सॉफ्टवेअर लावणं हा बैठकीचा विषयच नव्हे. ते आपण कोणी न सांगता रात्री एक वाजता एकट्याने करतोच. त्यात मजा आहे, यूट्यूबवर शंभर व्हिडिओ आहेत, आणि अडलं तर फोन आहे. गटाने एकत्र बसून करायचं ते, जे एकट्याने कधीच होत नाही. बॅकअपमधून फाइल परत आणून बघणं एकट्याने होत नाही. कंटाळवाणं असतं, आणि मुख्य म्हणजे आपला आपल्यावर फार विश्वास असतो. समोर सहा जण बसले की तो विश्वास बरोबर जागेवर येतो.

म्हणून मी तीन गोष्टी मांडल्या.

पहिली. प्रत्येक बैठकीचा पहिला अर्धा तास एका सभासदाचा. त्याने काय बोलायचं नाही, करून दाखवायचं. फाइल कुठली ते बाकीच्यांनी निवडायचं, आणि ती त्याने दुसऱ्याच्या लॅपटॉपवर परत आणून उघडायची. आली तर टाळ्या. नाही आली तर तोच त्या दिवसाचा विषय. डिस्कवर एक खुणेची फाइल ठेवावी आणि ती दिसली तरच आरसिंक चालू द्यावं, ही दोन ओळींची युक्ती मला आजीचं रेकॉर्डिंग गेल्यावर कळली. गटात आधी कोणाला तरी नक्की माहीत असणार. पण विषयच निघाला नाही.

दुसरी. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. पीटर क्रोग या फोटोग्राफरने तो रूढ केला. घराबाहेरच्या प्रतीपाशी सगळे अडतात. इंटरनेटवाला स्वतंत्र पब्लिक आयपी देत नाही, क्लाउडचे पैसे जिवावर येतात वगैरे. अरे, पण आपण सात घरं आहोत! बोर्ग किंवा रेस्टिकने कुलूपबंद केलेली प्रत एका डिस्कवर घ्या, पिशवीत घाला आणि बैठकीला घेऊन या. जाताना शेजारच्याची डिस्क घेऊन जा. तो वाचू शकत नाही, फक्त सांभाळतो. किल्लीचा पासवर्ड मात्र घरी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर तुम्हालाही वाचता येणार नाही. :)

तिसरी. एक अख्खी बैठक घरच्यांबरोबर. आपण चार दिवस दवाखान्यात पडलो तर फोटो कुठे आहेत हे बायकोला किंवा आईला माहीत आहे का? कुठलं बटण बंद केलं तर वायफाय जातं? आणि तो डबा महिन्याला किती वीज खातो? हे शेवटचं तर आपणही टाळतो. १० वॅटचा रास्पबेरी पाय अखंड चालला तर महिन्याला ७ युनिट, आणि ६० वॅटचं जुनं डेस्कटॉप ४३ युनिट. बिल भरणाऱ्या माणसाला हा आकडा विचारायचा पूर्ण हक्क आहे. बैठकीच्या शेवटी प्रत्येकाने एक पान लिहून कपाटात ठेवायचं, बस्स.

आता तुम्ही म्हणाल, छंदाचं ऑफिस करून टाकलंस. अगदी हेच आमचा कोथरूडवाला म्हणाला. "आठवडाभर ऑडिटच करतो रे, शनिवारी तरी खेळू दे." त्याचं चूक नाही. मजा गेली तर गटच राहणार नाही, आणि गट नसेल तर डिस्क कोणाकडे ठेवणार? म्हणून फळ्यावरचे सहाच्या सहा विषय मी पुसा म्हटलंच नाही. क्लस्टर करा, एआय करा, मलाही ते हवंय. फक्त अर्धा तास आधी. आणि खरं सांगायचं तर छंद आणि नोकरी यांच्यात एक मोठा फरक आहे. नोकरीत जो डेटा जातो तो कंपनीचा असतो. इथे जी जाते ती आपली आजी असते.

बरीच वादावादी झाली. घरच्यांची बैठक दिवाळीनंतर बघू असं ठरलं, म्हणजे ती होईलच असं नाही. डिस्कच्या अदलाबदलीला चार जण तयार झाले. अर्ध्या तासाचा प्रयोग तीन महिने करून बघायला मात्र सगळे हो म्हणाले. आणि अर्थातच, ज्याने बोंब मारली त्याचाच पहिला नंबर.

पुढच्या महिन्यात माझ्याच हॉलमध्ये बैठक आहे. कुठली फाइल मागायची ते कोथरूडवाल्याने आत्ताच सांगून टाकलंय. आजीची ११ मिनिटं. आता ती तीन ठिकाणी ठेवली आहेत, पण कालपासून पोटात गोळा आलाय हे कबूल करतो.

बघू. नाहीच आली, तर मावशीला फोन करावा लागेल.