बहिष्काराचा हिशेब

मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाची पोलिसाच्या हातून हत्या झाली. फेसबुकवर वंशद्वेषी मजकुराला मिळणाऱ्या मोकळिकीविरुद्ध नागरी हक्क संघटनांनी त्यानंतर हाक दिली : जुलै महिन्यात तेथे जाहिराती देऊ नका. हजारांहून अधिक जाहिरातदारांनी ती मानली. तथापि वर्षाचा हिशेब झाला तेव्हा फेसबुकचे उत्पन्न सुमारे ७१ अब्ज डॉलरवरून ८६ अब्जांवर गेलेले दिसले.

कंपन्यांच्या संचालकांना चाड नाही, हे याचे स्पष्टीकरण सोपे, पण अपुरे आहे. फेसबुकवरील जाहिरातीची जागा लिलावाने विकली जाते. मोठा ग्राहक उठून गेला की बोली उतरते आणि मागे राहिलेल्या प्रतिस्पर्ध्याला तीच जागा स्वस्तात मिळते. तत्त्वासाठी बाहेर पडणाऱ्यास तोटा, गप्प बसणाऱ्यास लाभ! शिवाय हे उत्पन्न लक्षावधी लहान जाहिरातदारांकडून येते. त्यांतील कित्येकांना गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याची दुसरी वाटच परवडत नाही.

मग सर्वांनी मिळून पाऊल उचलावे, तर तीही वाट निर्वेध नाही. कोणत्या मजकुराशेजारी जाहिरात दिसू नये याचे समान निकष ठरवण्यासाठी जाहिरातदारांच्या जागतिक महासंघाने एक आघाडी उभारली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या एक्स कंपनीने संगनमताचा आरोप करून महासंघाला न्यायालयात खेचले. दोनच दिवसांत आघाडी गुंडाळल्याचे जाहीर झाले.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये बजाज ऑटोने तीन वृत्तवाहिन्यांना जाहिराती नाकारल्याचे जाहीर केले. ते स्वागतार्हच होते. परंतु जी थैली विखारी वाहिनीसाठी बंद होते, तीच उद्या मालकांवर टीका करणाऱ्या वृत्तपत्रासाठीही बंद होऊ शकते. सार्वजनिक विचारविनिमयाची राखण थैलीवर सोपवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

ही राखण कायद्याने, उघडपणे व लोकांना उत्तरदायी राहून व्हावयास हवी. युरोपीय संघाने २०२२ मध्ये बड्या डिजिटल कंपन्यांवर तशी जबाबदारी टाकणारा कायदा केला. त्याची अंमलबजावणी कितपत कठोर होते यावर त्याचे मोल ठरेल. पण दिशा योग्य आहे. जाहिरातीचा खर्च अखेर साबणाच्या वडीच्या किमतीत मिसळलेला असतो. तो भरणाऱ्या सामान्य ग्राहकाने कंपन्यांना जाब जरूर विचारावा; मात्र कंपन्यांच्या पुण्याईवर विसंबून राहू नये.